पाया खणणाऱ्याने माती राखावी

आपल्या देशात शेतकऱ्याला मातीची राखण करण्यास सांगण्याचे कार्य आज नवीन नाही. १९४२ साली तत्कालीन मुंबई प्रांतात जमीन-सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागांत शेतांना समपातळीत बांध घालण्याच्या कामास त्याने बळ दिले. १९४८ साली दामोदर खोरे निगमाची स्थापना झाली, तेव्हा धरणे बांधण्याबरोबरच वरच्या उतारांवरील माती जागच्या जागी थोपविणे हेही त्या निगमाचे काम ठरले. कारण उतार उघडे राहिले तर जलाशय गाळाने भरून जातील, हे सर्वांस पटलेले होते. १९५३ साली केंद्रीय मृत्संधारण मंडळ स्थापन झाले. पुढे डेहराडून येथे या विषयाची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. बांध, ताली, चर, गवताचे पट्टे ही साधने आज खेड्यांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत.

परंतु हाच शेतकरी आपली जमीन विकून शहरात आला आणि त्या जमिनीवर कोणी इमारत उभारू लागला, म्हणजे चित्र एकदम पालटते. नांगरलेले शेत काही महिन्यांत पिकाने झाकले जाते. इमारतीसाठी साफ केलेली जमीन मात्र गवत, झुडपे आणि वरची सुपीक माती यांना पारखी होऊन एक पावसाळा, कधी दोन पावसाळे, तशीच उघडी पडून राहते. खोदलेल्या पायाची माती रस्त्याच्या कडेला ढिगाने पडते. पहिल्या वळवाच्या सरीने ती गटारात उतरते, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत किंवा तळ्यात जाते. या प्रकाराबद्दल बांधणाऱ्यास कोणी फारसा जाब विचारीत नाही. शेतातील माती वाहून गेली तर तिला आपण राष्ट्रीय हानी म्हणतो. बांधकामाच्या जागेवरून गेली तर तिला चिखल म्हणून नाक मुरडतो.

आमचे मत थोडक्यात असे आहे: जो माती उघडी करतो, त्याने ती आपल्या हद्दीतच राखली पाहिजे. हे कर्तव्य धंद्यावर अवलंबून नसावे. ते शेताला जितके लागू आहे, तितकेच घराच्या, रस्त्याच्या, रुग्णालयाच्या आणि शाळेच्या पायालाही लागू असले पाहिजे. हे मत भावनेवर उभे नाही. त्याच्यामागे पदार्थविज्ञानाचे साधे नियम आणि अनेक वर्षांची मोजमापे आहेत. त्यांचा विचार आधी करू.

पावसाचा थेंब काय करतो

माती वाहून जाते ती वाहत्या पाण्यामुळे, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. धूप सुरू होते ती पाणी वाहू लागण्यापूर्वी, थेंबाच्या आघाताने. जोरदार सरीतील पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो आदळला की ढेकूळ फुटते, कण मोकळे होतात आणि आजूबाजूस उडतात. नव्या भिंतीच्या तळाशी पावसानंतर दिसणारे तांबड्या चिखलाचे शिंतोडे हा याच आघाताचा पुरावा होय. मोकळे झालेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसतात, पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो आणि पाणी आत मुरण्याऐवजी वरून धावू लागते. बांधकामाच्या जागी यंत्रांच्या आणि मालमोटारींच्या चाकांनी जमीन आधीच दाबली गेलेली असते. त्यामुळे तेथे हा परिणाम अधिकच तीव्र होतो.

आता पाण्याचे प्रमाण पाहा. एक हेक्टर जमिनीवर केवळ दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी एक लाख लिटर पाणी, म्हणजे शंभर टन वजन, जमिनीवर येते. आपल्या पावसाळ्यात एवढा पाऊस एखाद्या तासात सहज पडतो. हे पाणी उतारावरून जितके लांब धावेल, तितका त्याचा वेग व वाहून नेण्याची शक्ती वाढते. प्रथम पातळ थर सरकतो, मग बोटाएवढ्या ओघळी पडतात, आणि ओघळी एकत्र मिळून घळ होते.

अमेरिकेतील विशमायर आणि स्मिथ या दोन संशोधकांनी अनेक प्रयोग-वाफ्यांवरील हजारो नोंदी एकत्र करून १९६५ साली धुपीचे एक समीकरण प्रसिद्ध केले. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराची तीव्रता, जमिनीवरील आच्छादन आणि संधारणाचे उपाय या सहा गोष्टींच्या गुणाकाराने मातीची हानी त्यात काढली जाते. यांतील पाऊस माणसाच्या हाती नाही आणि मातीचा स्वभावही फारसा हाती नाही. उरलेल्या चार गोष्टी मात्र बांधणाऱ्याच्या हाती असतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा आच्छादनाचा. पूर्ण उघड्या जमिनीस एक हा अंक दिला, तर गवताच्या काडाचे नीट पसरलेले आच्छादन तो अंक एक दशांशापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणते, आणि दाट गवत तर शंभराव्या भागापर्यंत. इमारतीसाठी जमीन साफ करणे म्हणजे या समीकरणातील सर्वांत अनुकूल अंक पुसून सर्वांत प्रतिकूल अंक लिहिणे होय.

मोजमापांचा पुरावा

हे केवळ कागदावरचे गणित नाही. एम. गॉर्डन वोल्मन आणि आशर शिक यांनी १९६७ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या शहरांभोवती त्या काळी घरांच्या वसाहती झपाट्याने उठत होत्या. त्या प्रदेशात एरवी दर चौरस मैलामागे वर्षाला सुमारे २०० ते ५०० टन गाळ वाहून जाई. बांधकाम चालू असलेल्या क्षेत्रांत हाच आकडा हजारोंवर गेला आणि एके ठिकाणी तो १,४०,००० टनांपर्यंत पोहोचला. हा शेवटचा आकडा आपल्या परिमाणांत मांडला तर एका वर्षात संपूर्ण जमिनीवरून सुमारे साडेतीन सेंटिमीटर जाडीचा थर निघून जाण्यासारखे झाले. शेतीने अनेक दशकांत जेवढी माती गमावली असती, तेवढी बांधकामाने एका वर्षात गमावली.

तुलनेसाठी आपल्या देशाचा आकडा घेऊ. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.३५ टन माती जागची हलते. हा थर जाडीने एक मिलिमीटरहून थोडाच अधिक भरतो, आणि तरीही तो चिंताजनक मानला जातो. कारण एवढी माती तयार होण्यास निसर्गास फार मोठा काळ लागतो. मेरीलँडमधील त्या एका जागेवरील हानी या सरासरीच्या सुमारे तीसपट होती. तेथील पाऊस आपल्या मोसमी पावसासारखा चार महिन्यांत एकवटून पडणारा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या अभ्यासानंतर तीन वर्षांनी, १९७० साली, मेरीलँड राज्याने बांधकामाच्या गाळाचे नियंत्रण करणारा कायदा केला. पुढे १९९० पासून संपूर्ण अमेरिकेत पाच एकर किंवा त्याहून अधिक जमीन उघडी करणाऱ्यास गाळ रोखण्याची योजना करून परवाना घेणे आवश्यक झाले, आणि नंतर ही मर्यादा एक एकरावर आणली गेली. येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. इमारत किती मजली आहे किंवा तिची किंमत किती आहे, हे तो नियम पाहत नाही. किती जमीन उघडी पडली, एवढेच पाहतो.

गुवाहाटीचा धडा

आता आपल्याच देशातील एका नगराकडे वळू. आसाममधील गुवाहाटी हे शहर एखाद्या परातीसारख्या जागेत वसले आहे. उत्तरेस ब्रह्मपुत्र, दक्षिणेस मेघालयाच्या पठाराचे उतार आणि शहराच्या अंगणातच उठलेल्या अनेक टेकड्या. या टेकड्यांचा खडक फार प्राचीन आहे आणि उष्ण, दमट हवेत कुजून त्यावर तांबड्या मातीचा जाड थर तयार झालेला आहे. झाडीच्या मुळांनी धरलेली असेपर्यंत ही माती स्थिर असते. १९७२ नंतर आसामची राजधानी शिलाँगहून गुवाहाटीतील दिसपूर येथे आली आणि शहराची वाढ वेगाने झाली. सपाट जागा आणि पाणथळी भरून गेल्यावर घरे टेकड्यांवर चढू लागली. घरासाठी सपाटी हवी, म्हणून उतार उभा कापावयाचा आणि निघालेली माती खाली लोटावयाची, ही रीत रूढ झाली.

ही माती कोठे जाते? शहरातील पाणी वाहून नेणारी भरलु ही छोटी नदी भरलुमुख येथे ब्रह्मपुत्रेस मिळते. भर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेची पातळी भरलुपेक्षा वर चढते, तेव्हा मुखाशी असलेले दार बंद करावे लागते आणि आतले पाणी पंपांनी बाहेर काढावे लागते. अशा वेळी शहरातील नाले व गटारे हेच पाणी साठविणारे पात्र असतात. त्या पात्रात टेकड्यांची माती आधीच बसलेली असेल, तर पाण्यास जागा उरत नाही आणि ते अनिल नगर, नवीन नगर यांसारख्या सखल वस्त्यांतील घरांत शिरते. गुवाहाटीचे नागरिक या पुरास ‘कृत्रिम पूर’ म्हणतात. महानदीच्या महापुराहून तो वेगळा आहे, हे त्यांनी नेमके ओळखले आहे.

या पुराची कारणे अनेक आहेत. पाणथळींवरील अतिक्रमण, अरुंद नाले, त्यांत टाकलेला कचरा ही सर्व त्यांत येतात. एकट्या बांधकामाच्या मातीवर सगळा दोष लादणे शास्त्रास धरून होणार नाही. तथापि टेकड्या कापल्याने येणारा गाळ हे त्यांतील एक सर्वमान्य कारण आहे. आसाम विधानसभेने २००६ साली टेकड्यांची जमीन आणि निसर्गदृष्ट्या महत्त्वाची स्थळे यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य दिसून येते.

येथे कोणी असे म्हणेल की, ब्रह्मपुत्र स्वतःच दर वर्षी कोट्यवधी टन गाळ वाहून नेते. तिच्यापुढे चार घरांच्या पायाची माती ती काय? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तरही स्पष्ट आहे. गाळाचा अपाय त्याच्या एकूण वजनावर ठरत नाही, तो कोठे बसतो यावर ठरतो. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात दहा टन मातीची नोंदही होणार नाही. तीच दहा टन माती दीड हात रुंद गटारात बसली, तर एका गल्लीतील सर्व घरांचे उंबरे पाण्याखाली जातील.

गाळ उगमापाशीच का रोखावा

या प्रश्नावर नगरपालिकांचा नेहमीचा उपाय म्हणजे पावसाळ्यापूर्वी नाले उपसणे. उपसा आवश्यक आहे, पण तो उपाय म्हणून अपुरा आहे. एक तर उपसलेला गाळ बऱ्याचदा नाल्याच्या काठावरच पडून राहतो आणि पहिल्या पावसात परत आत जातो. दुसरे असे की, ज्याने माती सोडली त्याचा खर्च सर्व नागरिकांच्या करातून भरला जातो. तिसरे कारण शास्त्रीय आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली द्रवात बुडणाऱ्या सूक्ष्म गोलकाच्या वेगाचा नियम मांडला. त्याचे सार असे की, बारीक कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास दहाव्या हिश्शाइतका झाला तर वेग शंभराव्या हिश्शाइतका होतो. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. एक शतांश मिलिमीटरच्या कणास सुमारे तीन तास लागतात. चिकणमातीच्या एक सहस्रांश मिलिमीटरच्या कणास मात्र जवळजवळ तेरा दिवस लागतात, आणि तेही पाणी अगदी निश्चल राहिले तर.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. जागेच्या खालच्या टोकाला एक खड्डा करून पाणी थोडा वेळ थांबविले, तर वाळू आणि जाड गाळ त्यात बसेल. म्हणून असा खड्डा अवश्य हवा. पण पाण्यास तांबडा रंग देणारी चिकणमाती त्यातून निसटून जाईल. घरातील हंडाभर गढूळ पाणी आपण तुरटी फिरवून किंवा निवळीची बी उगाळून स्वच्छ करतो. लाखो लिटर पाण्याच्या बाबतीत तसे करणे सामान्य बांधणाऱ्यास शक्य नाही. म्हणून एकदा पाण्यात मिसळलेली चिकणमाती परत मिळविण्यापेक्षा ती पाण्यात मिसळूच न देणे हाच खरा आणि स्वस्त उपाय ठरतो.

आपल्या देशात या तत्त्वाचा अनुभव चंडीगडच्या सुखना तलावाने दिला आहे. १९५८ साली सुखना नावाचा हंगामी ओढा अडवून हा तलाव करण्यात आला. शिवालिकच्या उघड्या उतारांवरून आलेल्या गाळाने काही दशकांतच त्याची निम्म्याहून अधिक साठवण व्यापली. तलाव उपसण्याचे श्रम बरेच झाले. परंतु गाळाचे मूळ शोधीत मृत्संधारणतज्ज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी सुखोमाजरी या गावाच्या उतारांपर्यंत पोहोचले, तेव्हा खरा मार्ग सापडला. १९७० नंतरच्या दशकात तेथे लहान मातीचे बंधारे झाले, ग्रामस्थांना शेतीस पाणी मिळाले आणि त्यांनी उतारावरील मोकाट चराई आपण होऊन थांबविली. गवत वाढले आणि त्या उतारावरून येणारा गाळ पुष्कळच घटला. जे चराईच्या उताराबाबत खरे ठरले, ते पायाच्या खोदाईबाबत खोटे ठरण्याचे कारण नाही.

बांधणाऱ्याने काय करावे

उपाय साधे आहेत आणि त्यांतील बहुतेकांना नवीन यंत्र लागत नाही. पहिला उपाय वेळेचा. उतार कापणे आणि मोठी खोदाई पावसाळा संपल्यावर सुरू करावी आणि पुढील वळवाच्या सरी येण्यापूर्वी जमीन झाकली जाईल असा बेत करावा. आसामसारख्या प्रदेशात चैत्र-वैशाखातच वादळी पाऊस सुरू होतो. तेथे कार्तिक ते माघ हाच खोदाईचा काळ समजावा. दुसरा उपाय टप्प्यांचा. संपूर्ण भूखंड एकाच दिवशी साफ न करता, ज्या भागावर काम होणार तेवढाच उघडा करावा आणि खालच्या कडेचे गवत व झाडे शेवटपर्यंत राखावीत. वरची सुपीक माती वेगळी काढून झाकून ठेवावी. इमारत पूर्ण झाल्यावर बागेसाठी तीच लागते.

तिसरा उपाय पाणी वळविण्याचा. भूखंडाच्या वरच्या अंगाने येणारे स्वच्छ पाणी चर काढून बाजूने न्यावे, म्हणजे ते उघड्या मातीवरून जाणार नाही. चौथा उपाय उतार तोडण्याचा. मध्यम उतारावर दर हेक्टरी धूप साधारणपणे उताराच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शंभर मीटरांचा सलग उतार आडव्या बांधांनी पंचवीस मीटरांच्या चार तुकड्यांत विभागला, तर हानी निम्म्यावर येते. शेतकऱ्याची ताल आणि बांधणाऱ्याचा आडवा बांध यांचे गणित एकच आहे.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय आच्छादनाचा. काही आठवडे काम होणार नसेल तेथे भाताचा पेंढा पसरावा. उभ्या कापावर केरळातील काथ्याची किंवा बंगालमधील तागाची जाळी अंथरून तिच्यातून गवत उगवू द्यावे; गवत मूळ धरीपर्यंत जाळी माती धरते आणि मग स्वतः कुजून मातीत मिसळते. कायमच्या उतारावर वाळ्याच्या आडव्या रांगा लावाव्यात. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि ही वनस्पती याच भूमीची आहे. मातीचे ढीग गटारापासून दूर ठेवून ताडपत्रीने झाकावेत आणि त्यांच्याभोवती वाळूच्या गोण्या रचाव्यात. मालमोटारींस जाण्यायेण्याचा एकच मार्ग ठेवून त्यावर जाड डबर पसरावा, म्हणजे चाकांचा चिखल रस्त्यावर जाणार नाही. सर्वांत खालच्या टोकास निवळण्याचा खड्डा असावा आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर मुकादमाने तो पाहून रिकामा करवावा. जो खड्डा भरलेलाच राहतो, तो नसल्यासारखाच होय.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की, बांधकाम हे तात्पुरते असते. वर्षभरात जमीन छपराखाली आणि फरशीखाली जाईल, मग एवढा खटाटोप कशाला? परंतु वोल्मन-शिक यांची मोजमापे याच ‘तात्पुरत्या’ काळातील होती. माती जाण्यास एक पावसाळा पुरेसा आहे. शिवाय शहरात एक काम संपते तेव्हा शेजारी दुसरे सुरू होते. भूखंडाच्या दृष्टीने जे तात्पुरते, ते नाल्याच्या दृष्टीने अखंड चालू असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. टेकडीवर दोन खोल्या बांधणारे कुटुंब पुष्कळदा गरीब असते. सपाटीवरील जागा परवडत नाही म्हणूनच ते तेथे चढलेले असते. त्याच्यावर परवाने आणि दंड यांचा बोजा टाकणे न्याय्य नव्हे. आमच्या मते कर्तव्य सर्वांवर असावे, पण त्याचे स्वरूप ऐपतीप्रमाणे ठरावे. लहान घर बांधणाऱ्यास नगरपालिकेने पेंढा, गोण्या आणि ताडपत्री अल्प भाड्याने द्यावी आणि एका जाणत्या मिस्त्रीची सल्लामसलत विनामूल्य मिळवून द्यावी. नाला उपसण्यावर जो पैसा जातो, त्याच्या काही हिश्शात हे होण्यासारखे आहे. कडक नियम प्रथम लागू व्हावेत ते मोठ्या बांधकामांना आणि त्यांहूनही आधी सरकारी कामांना. रस्ता खोदून मातीचे ढीग आषाढभर उघडे टाकणाऱ्या खात्याने नागरिकास माती राखण्याचा उपदेश करावा, हे शोभत नाही.

कायद्याने कोणते माप घ्यावे

आपल्याकडे या विषयावर कायदा अजिबात नाही, असे नाही. २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्रफळाच्या इमारतींस पूर्वपरवानगी आवश्यक केली. बांधकामाच्या राडारोड्याविषयी २०१६ साली स्वतंत्र नियम झाले आणि राडारोड्याने गटारे तुंबू देऊ नयेत असे त्यांत सांगितले गेले. २०१८ साली हवेतील धुळीचे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेल्या शहरांत बांधकामावरील सुटी माती झाकून ठेवण्याचे बंधन आले.

या तरतुदींत दोन उणिवा आम्हांस दिसतात. बांधीव क्षेत्रफळाचे माप सर्व मजल्यांची बेरीज करते. त्यामुळे लहान भूखंडावरील उंच इमारत त्या नियमात येते, पण टेकडीचा उतार कापून केलेली शंभर लहान घरांची रांग, घरे वेगवेगळ्या मालकांची असल्याने, त्यातून सुटू शकते. पाऊस मजले मोजीत नाही. तो उघडी जमीन आणि तिचा उतार मोजतो. नियमानेही तेच मोजावे. दुसरी उणीव ऋतूची. हिवाळ्यात धुळीच्या भीतीने जी माती झाकावयाची, तीच पावसाळ्यात उघडी राहिली तर चिखल होऊन नाल्यात जाते. माती झाकण्याचे तत्त्व कायद्याने एकदा स्वीकारलेच आहे, तर ते बाराही महिने आणि सर्व शहरांत लागू करण्यास नवे तत्त्वज्ञान शोधावे लागणार नाही. प्रत्येक नगरपालिकेने बांधकामाच्या परवानगीबरोबर एका पानाचा ‘माती-आराखडा’ मागावा: पाणी कोठून येते, कोठून जाते, माती कोठे ठेवणार, कशाने झाकणार आणि खड्डा कोण साफ करणार. एवढी पाच उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याची कुदळ पावसाळ्यात थांबावी.

शिक्षकांस आणि विद्यार्थ्यांस

हा विषय अभियंत्यांपुरता नाही. शाळेत त्याचा प्रयोग सहज होतो. पत्र्याच्या दोन उथळ तबकांत सारखीच माती भरावी, दोन्ही सारख्याच उतारावर ठेवावीत, एकावर वाळलेले गवत पसरावे आणि दुसरे उघडे ठेवावे. एकाच झारीने, एकाच उंचीवरून, सारखेच पाणी दोहोंवर शिंपडावे आणि खाली येणारे पाणी काचेच्या दोन भांड्यांत धरावे. कोणते पाणी अधिक गढूळ आहे, हे लहान मुलासही कळेल. मग ती भांडी खिडकीत ठेवून गढूळ पाणी निवळण्यास किती तास, किती दिवस लागतात याची नोंद करावी. स्टोक्सचा नियम त्या खिडकीत दिसेल.

त्यानंतर पहिला पाऊस पडला की, शाळेच्या वाटेवरील एखाद्या बांधकामाजवळून, सुरक्षित अंतरावरून, वाहणाऱ्या गटारातील पाण्याचा रंग पाहावा. ते पाणी तांबडे असेल तर एक गोष्ट निश्चित समजावी: कोणाच्या तरी पायाची माती कोणाच्या तरी उंबऱ्याकडे निघाली आहे. घर बांधणे हे चांगले काम आहे आणि या देशास अजून पुष्कळ घरे हवी आहेत. परंतु एकाचे घर उभे राहताना दुसऱ्याचे घर पाण्यात जाऊ नये, एवढी दक्षता बांधणाऱ्याने घेतलीच पाहिजे. बांधावरची माती राखणाऱ्या शेतकऱ्याकडून या देशाने जे मागितले, ते पाया खणणाऱ्याकडून मागण्याची वेळ आता आली आहे.